खातरजमा

वलात्यात वारा दुपारी सुटतो,
म्हणून नेबगूहा सकाळीच आली.
मलहफ्याच्या गाठीतून घडीचा कागद सोडवला,
माझ्या पाटीवर ठेवून वर बोट दाबलं.

एवढंच सांग, खरं आहे का.

नवऱ्याचं अक्षर.
उंटांच्या औषधाच्या चिठ्ठ्या याच अक्षरात यायच्या,
तीनांतला एक शब्द लागायचा.
वर दरूद. खाली त्याचं फळ:
शुक्रवारी हजारदा म्हणावा,
अक्षरामागे एक महाल,
महालाला सत्तर दारं.
त्याखाली सनद. याने त्याच्याकडून ऐकलं, त्याने त्याच्याकडून,
सात नावं.

पेटी उघडली.
वाळवीनं खाल्लेल्या वह्यांत मेलेली माणसं शोधायची,
हाच माझा धंदा:
कोण कुठल्या साली गेला,
म्हातारपणी कुणाची स्मृती ढळली,
कोण भला होता, पण कानावर आलेलं सगळं सांगत सुटायचा.
तीन नावं ठीक.
चौथा मर्वचा हुबैश.
म्हणतो, शद्दादच्या तोंडून ऐकलं.
शद्दादला पुरला तेव्हा
हुबैशची आई अजून लग्नाची होती.

बोटभर जागेत अकरा वर्षांची फट.
दोनदा मोजलं. मग तिसऱ्यांदाही,
कारण ती बघत होती.

म्हटलं, दरूदात वावगं काही नाही.
आखूड दरूद आहे, त्याची सनद पक्की,
एकाला दहा, एवढंच त्याचं देणं.
पण ही महालांची हुंडी
ज्यांच्या नावावर काढलीय
त्यांनी ती लिहून दिली, असं माझ्यानं म्हणवत नाही.

महाल? ती म्हणाली.
अरे, तीन वर्षं तो एक भिंत रंगवायची म्हणत होता.
महालाचं कोण विचारतंय.
त्या शुक्रवारी त्याची जीभ जड झाली
तेव्हा चारशे बारा झाले होते.
मणी माझ्या हातात होते.
उरलेले मी म्हणायचे का?

वह्यांत हे कुठेच नव्हतं.
मी तरी पानं उलटत राहिलो.
मग म्हटलं, देणं लागत नाहीस.
म्हणालीस, तर कुणी अडवणारही नाही.

समासात लिहिलं: कडी तुटलेली, हुबैशपाशी.
शाई वाळेपर्यंत ती थांबली,
कागद पुन्हा गाठीत बांधला.

पायऱ्या उतरताना तिचे ओठ हलत होते.
लांबचा दरूद की आखूड,
माझ्यापर्यंत आलं नाही.
आणि जे मी ऐकलं नाही
ते मी सांगत नाही.