कपाळातली शिवण

पेटी दोनशे सतरा.
चिठ्ठीवर जुन्या वळणाचं अक्षर:
फिलोमेना. शिवणकाम. वय एकसष्ट. न्यूमोनिया.
इदालिना हातमोजे चढवते,
वाळूच्या उशीवर कवटी टेकवते.

बाहेर पोर्तोची डिसेंबरातली ओल
भिंतींच्या निळ्या फरशांना घाम फोडतेय.
आत यंत्र घरघरतं,
हाडांपुरतं हवामान राखत.

फॉर्म कवटीचा आहे.
आडवी शिवण: आहे.
उभी, मधोमध: अर्धी बुजलेली.
मागची दातेरी, तिच्यात ठिगळांसारखी जादा हाडं,
डावीकडे तीन, उजवीकडे एक.
कुणाला असतात, कुणाला नसतात,
असतात त्याला जन्मभर पत्ता नसतो.

आणि नाकाच्या मुळापासून सरळ वर गेलेली
ही एक,
टाळू भरायच्या वयातच मिटायची ती.
बाकीच्यांचं कापड विसरून जातं
की आपण दोन तुकडे होतो.
हिचं एकसष्ट वर्षं विसरलं नाही.

इदालिना पेन्सिल खाली ठेवते.
एकतिसाव्या वर्षी तिचाही फोटो निघाला होता,
रात्री दोन वाजता, इस्पितळात.
नवखा डॉक्टर फिल्म बघून पांढरा पडला:
"कपाळ फुटलंय. कुणी मारलं?"
जिन्यावरून पडले, ती म्हणाली,
जिना नसलेल्या घरातली बाई.
मग म्हातारे आब्रांतेस आले,
फिल्म उजेडासमोर धरून हसले:
"फुटलंय कसलं! जन्मापासूनची रेघ आहे,
काहींची मिटत नाही, झालं."
सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.
बाहेर बाकावर बसलेला अडेरितोही हसला,
तिला कोट चढवला,
बटणं लावली, वरपासून खालपर्यंत.
कोपराखाली ठणकत होतं.
तिथला फोटो कुणी काढला नव्हता.

कपाळातली शिवण: आहे.
शेरा: फ्रॅक्चर समजू नये.

आता पेटी बंद करायची.
पण ती कापूस बाजूला सारते,
खालच्या थरातून डाव्या हाताचं हाड काढते,
करंगळीच्या बाजूचं,
आपण तोंडावर हात धरतो तेव्हा पुढे येतं ते.
मध्यावर एक गाठ.
वाकडंच जुळलेलं, फार जुनं,
अंगठा फिरवला तर गुळगुळीत.

फॉर्म उलटून बघते.
मागची बाजू कोरी आहे.
घड्याळात एक वाजून गेलाय,
खाली कँटीनमध्ये सूप निवत असेल.
ती पेन्सिलीला टोक काढते.