झोर्वाक

शाल्मलीने फ्रिजवर यादी चिकटवली :
एक कप्तान, दोन यंत्रमानव,
आणि शेवटी तो, मुखवट्यातून घरघरणारा,
सात ग्रह गिळून ढेकरही न देणारा सम्राट.
निवड त्याचीच झाली.

तेव्हापासून रोज सकाळी
हडर्सफील्डच्या ओल्या मैदानावर मी बोंबलतो,
"झोर्वाक! सोड ते!"
सम्राटांच्या तोंडात कुणाचा तरी मोजा.
बाकावरच्या मिसेस अ‍ॅकरॉइड म्हणतात,
भारतीय नाव का? छान आहे.
मी हो म्हणतो.

पाच नोव्हेंबरला फटाक्यांनी आभाळ फुटलं
तसा तो जिन्याखाली, हूव्हरच्या मागे,
लटलट कापत.
शाल्मली अंधारात सरपटत गेली,
यादीत नसलेलं काहीतरी
त्याच्या कानात पुटपुटत राहिली.

सकाळी विचारलं, काय म्हणत होतीस?
टोस्टवर लोणी फासत म्हणाली,
ते तुझ्यासाठी नव्हतं, बाबा.