शेताचा नंबर

वॉसॉच्या कृषी कचेरीतलं घड्याळ दहा मिनिटं मागे आहे.
डोरीन म्हणते, बस. बूट पुसू नकोस,
इथे चिखलाशिवाय कुणी आलं तर आम्हाला शंका येते.

पहिला रकाना: शेताचा नंबर.
नाही.
दुसरा: शेतीचा अनुभव, वर्षांत.
मी मोजते. मार्चपासून सात आठवडे,
त्यातले पाच बर्फाखाली.

नंबर नसेल तर कर्ज नाही,
कर्ज नसेल तर प्लास्टिकचं घर नाही,
आणि विस्कॉन्सिनात त्या घराबाहेर टोमॅटो
मे संपेपर्यंत जीव धरत नाही.
डोरीन हसत नाही, हे तिचे उपकार.
आकाशातून काढलेला फोटो पसरते
आणि पेन्सिलीने माझे पावणेदोन एकर शोधायला लागते.
हे तळं तुझं?
नाही, मालकाचं. जमीनसुद्धा त्याचीच.
मग तुझं काय?
मुळा, मी म्हणते. अजून पेरायचाय.

आमच्या घरात सातबारा हा शब्द
फक्त दुसऱ्यांच्या भांडणात ऐकू यायचा.
बाबा मिरजेच्या पोस्टात. बत्तीस वर्षं
लोकांच्या मनिऑर्डरींवर शिक्के.
आमची शेती म्हणजे डालड्याच्या डब्यातला ओवा,
तोही भजी करून संपवलेला.

डोरीन कागद छापत जाते.
माती तपासायची पिशवी, फुकट. तपासणी मात्र नाही.
नवशिक्यांसाठी लहान कर्ज, ज्याचा अर्ज लहान नाही.
आणि एका पाठकोऱ्यावर तिने हाताने लिहिलेलं:
लायब्ररी, तळमजला, बियांचं कपाट.

तिथे जुन्या पुस्तक-कार्डांचे खण.
लेखकांच्या जागी आता घेवडा, काकडी, डांगर.
ग्रंथपाल सवयीने तारखेचा शिक्का उचलते
आणि हवेतच थांबते.
परत कधी आणू?
पिकेल तेव्हा, ती म्हणते. पिकलं तर.

शेजारच्या तुकड्यावर पा हुआ वांग, वय एकाहत्तर,
लाओसच्या डोंगरांतून आलेली.
आम्हा दोघींचं इंग्रजी शेतात पाय ठेवलं की सुटीवर जातं.
ती माझ्या वाफ्यातली माती मुठीत दाबते,
अंगठ्याने ढकलते. गोळा फुटत नाही.
आज नाही.
चार दिवसांनी पुन्हा दाबते. भुगा होऊन पडतो.
आज.
आणि चौथीत दोन मार्कांसाठी पाठ केलेला शब्द
माझ्या तोंडात येऊन बसतो: वाफसा.
ती म्हणून बघते. तिच्या भाषेतला सांगते,
तो मला अजून नीट म्हणता येत नाही.

कर्ज यायचं होतं, पण कमानी सापडल्या
मालकाच्या गोठ्यामागे, गंजलेल्या.
शनिवारी पा हुआ, तिचे दोन नातू
आणि मालक रसेल, जो फक्त बघायला आला होता.
वाऱ्याने प्लास्टिक उचललं
तेव्हा तो त्याच्या टोकाला लोंबकळत होता, टोपी सांभाळत.
दुपारी माझं वरणभात, तिचं आल्याचं कोंबडी-सूप.
पुढच्या शनिवारी मी तिच्या कांद्यात.

अर्जात विचारलंय: मजूर किती, मजुरी किती.
चार. शून्य.
डोरीनचा फोन. हे जुळत नाही म्हणते.
मी सांगते, आमच्याकडे शेतकरी याला इर्जिक म्हणतात.
(आमच्याकडे! मी आयुष्यात एकही बघितली नव्हती.)
ती एकेक अक्षर विचारते, तिसऱ्यांदा चुकते,
मग 'इतर'वर खूण करून पुढे जाते.

नंबर जूनमध्ये आला, पोस्टाने.
तोवर मुळे काढून झालेले,
एकाला दोन पाय, दुसऱ्याच्या पोटात अळी,
तरी सोळा डॉलर.
मिरजेला फोन केला. बाबा म्हणाले, थांब, पेन घेतो.
प्रत्येक आकडा त्यांनी परत म्हणून दाखवला,
नऊपाशी मला दोनदा अडवलं.
मग बराच वेळ काहीच नाही, फक्त कागदाचा आवाज.
मग: पिनकोड?