पाचव्याला चुकतं

अ‍ॅम्प्लिफायर मंडपवाल्या सोनटक्केचा.
भंगारात चालला होता, मी दोनशेला आणला.
चालू केला की आधी घूं,
मग गाणं, गाण्याखाली पुन्हा घूं.
कुंदा म्हणाली, "डवऱ्याचा बैल घरात बांधला असता
तरी इतका हंबरला नसता."

दिवसभर मी पाण्यातल्या मोटारी भरतो.
जळालेलं तांबं उकलायचं, नवं घालायचं.
बोटांना वेढे मोजायची सवय,
रात्री तीच बोटं घरच्या कामाला लावली.

कपॅसिटर फुगलेले,
टोप्या भाजक्या पापडासारख्या वर आलेल्या.
दुप्पट ताकदीचे नवे यवतमाळहून आणले,
एसटीत मांडीवर, अंडी आणावी तसे.
ट्रान्सफॉर्मर पाव वळसा फिरवला,
तर घूं मागे सरली, दारात जाऊन उभी राहिली.
अर्थिंगच्या सगळ्या तारा एका खिळ्यावर आणल्या,
अंगणात खड्डा खणला: कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी,
आणि रोज आंघोळीचं पाणी.
कुंदा शेजारणीला सांगते,
"तुळशीले नाही भेटत वं, पन याच्या खड्ड्याले भेटते."

पेट्या आंब्याच्या फळ्यांच्या.
आतून डांबर फासलं, रस्त्याच्या कामावरून मागून आणलेलं.
मग कापूस.
कंपनीवाले काय भरतात माहीत नाही,
मी आपल्या वावरातला भरला,
दोन रात्री बसून सरकी काढली.
एक जरी राहिली तर खुळखुळेल, असं आपलं मला वाटलं.
बोंड फुटताना आवाज होत नाही,
आवाज गिळायला तेच बरं, असंही वाटलं.

वावरातली लाइट त्या रात्री बाराला आली.
सगळे ओलिताला गेले, मी घरी.
कॅसेट न लावता आवाजाची कळ पुरी फिरवली.
काही नाही.
इतकं काही नाही, की कवेलूखालची पाल ऐकू आली.

मग दंडारीची कॅसेट,
ब्याण्णवच्या दिवाळीची, आमच्याच गावातली.
ढोलकीची शाई ऐकू आली, शाईच्या कडेची कातडीही.
बाई झालेल्या गणपत मडावीचे घुंगरू,
डाव्या पायात थोडे कमी.
आणि खाली, सगळ्यांच्या खाली,
पुक्. पुक्. पुक्. पुक्.

पेचकस पुन्हा हातात.
पट्टा बदलला, हेड स्पिरिटनं पुसलं. तसंच.
दुसरी कॅसेट लावली, तर साफ.
म्हणजे दोष फितीत.
फितीतल्या दोषाला सापळा लावावा लागतो,
म्हणून चोक गुंडाळायला बसलो, बाराशे वेढ्यांचा.

नऊशे चाळीसवर उरकुडाजी निखाडे आले,
मोटार झाली का विचारायला.
विचारलं नाही. चप्पल काढून आत आले, उभ्यानंच ऐकलं.
"अबे शालिक, हे तं डोमाजीच्या चक्कीचं इंजन होय.
मोज. पाचव्याला चुकते."

मोजलं.
पाचव्याला चुकत होतं.

दिवाळीचं दळण, म्हणे, रात्रभर रांग.
डब्यांवर बसून बाया दंडार पाहत होत्या.
"इतके वर्स तसंच चालवलं त्यानं.
मेस्त्री बोलाव म्हनलं तं म्हने, दळन होते ना?"
मी तेव्हा सात वर्षांचा. इंजन आठवत नाही.
गरम पीठ तोंडात टाकलेलं आठवतं, आणि ठसका.

दुसऱ्या दिवशी चौघं आले,
तिसऱ्या दिवशी डोमाजीची सून, पदराला हात पुसत.
दंडार कोणी ऐकली नाही.
सून म्हणाली, "जरा जाडा कर ना आवाज."
बासची कळ फिरवली.
फळीवरचे जर्मनचे डबे थरथरायला लागले,
पाचव्याला थांबायचे.

चोक नऊशे चाळीसवर तसाच आहे.
विजेची बिलं उडू नयेत म्हणून कुंदानं त्यांच्यावर ठेवलाय.
उजव्या पेटीत मात्र अजून काहीतरी खुळखुळतं.
सरकी असेल.