जहाजाची षष्ठी

बंदरात हा शब्द आता कुणी उच्चारत नाही.
कराव्ही म्हणतात, वार्का, काईकी,
अथेन्सहून येणाऱ्या मोठ्या बोटीला प्लिओ.
नाउस म्हणालात तर पोरं हसतील,
दूध आणायला निघालेल्या माणसानं
दुकानदाराकडे 'पय' मागावं, तशी.

कालिरोईनं मात्र एकतीस वर्षं तो शिकवला,
सामोस बेटाच्या पश्चिम टोकाला, दोन खोल्यांच्या शाळेत.
खिडकीतून डांबर आणि पाइनच्या भुश्श्याचा वास यायचा,
खाली नवऱ्याच्या गोदीत करवत चालू असायची,
वर फळ्यावर ती विभक्ती मांडायची.

प्रथमा : नाफ्स.
'आधी नाउस होतं रे,' ती सांगायची,
'शिडात वारं भरावं तसं तोंडभर.
मग पिढ्यान् पिढ्या बोलता बोलता ओठ मिटत गेले
आणि त्या उघड्या उ चा फ झाला.
ते हाकारायचे,
आपण दिवा फुंकतो.'

षष्ठीत पोरं हमखास बुडायची.
नेओस. जहाजाचं.
जहाजाचा कणा, जहाजाचं सुकाणू,
जहाजाच्या पोटात साठलेलं पाणी.
'एकटं असतं तोवर ठीक,' ती म्हणायची,
'त्याचं म्हणून काही असलं की
शब्दाच्या बरगड्याच हलतात.'

हे सगळं तिनं मला सांगितलं
धक्क्यावर उभं राहून, त्या मंगळवारी,
थिओफानिसची 'आर्खोन्दिया' मोडत होते तेव्हा.
बत्तीस फूट. बापानं बांधलेली, आईचं नाव दिलेली.
कागद सरळ होता :
मासेमारीचा परवाना परत करा, पैसे घ्या,
बोट मोडा. आमच्यासमोर मोडा.
विकायची नाही, पोरांना खेळायला द्यायची नाही,
अंगणात ठेवून तिच्यात तुळसही लावायची नाही.

पिवळ्या यंत्रानं पंजा उचलला.
पहिल्या घावाला ती नुसती कण्हली.
तिसऱ्या घावाला आतला रंग दिसला,
फळ्यांच्या आतल्या बाजूचा,
साठ वर्षं ऊन न लागलेला,
पोळीसारखा.

थिओफानिस बघत नव्हता.
तो सरकारी माणसाला विचारत होता,
चहा घेणार का.

'मूळ शब्द बुडाला,' कालिरोई म्हणाली,
यंत्राच्या आवाजात, वर्गात बोलावं तशी,
'त्याचे तुकडे तेवढे काठाला लागलेत.
नाफ्तिस, खलाशी.
नावलो, बोटीचं भाडं;
मेलेल्याच्या तोंडात ठेवायच्या नाण्यालाही तेच म्हणायचे.
नाफ्तिया, बोट लागून होणारी मळमळ. ती मला आत्ता होतेय.
आणि हे.' तिनं हनुवटीनं दाखवलं.
'नावाघियो. फुटलेलं जहाज.'

नावाघियो.
मी दचकलो.
फुटण्याच्या आधी, शब्दाच्या सुरुवातीलाच,
माझ्या भाषेतली नाव होती,
अख्खी, कोरडी, बांधून ठेवल्यासारखी.

मी तिला तसं सांगितलं.
हेही सांगितलं की आमच्याकडे
होडीला नाव म्हणतात
आणि होडीच्या नाळेवर जे रंगवतात, त्यालाही नाव.

ती शिक्षिका. डोळे पुसले नाहीत,
आधी विचारलं, 'षष्ठीत?'

'तिथे वेगळी होतात,' मी म्हणालो.
'नावेचं. नावाचं.'

'बघ,' ती म्हणाली. 'षष्ठीतच.'

दुपारपर्यंत ट्रक भरून गेला.
वाळूत खिळे उरले, थोडा निळा रंग,
आणि एक मांजर, जे रोज बोटीच्या सावलीत झोपायचं
ते सावली होती तिथेच येऊन बसलं.

संध्याकाळी थिओफानिस घरी आला
काखेत एक फळी घेऊन,
हातभर, एका बाजूनं तुटकी.
चुलीजवळ टेकवली. जाळली नाही, टांगलीही नाही.
तिच्यावर अक्षरं होती : आर्खो,
पुढे नुसतं लाकूड.

मी विचारणार होतो, कशाचं हे.
जीभ त्या दोन रूपांच्या मधे
अडखळली,
आणि मी ताटं मांडायला उठलो.