प्रोपेनच्या फेरीवर

ऑक्टोबर लागला की माझी फेरी सुरू होते:
पार्कच्या रेंजरांची तीन घरं, लुथेरन चर्च,
आणि टेवेट गावचं म्युझियम, जे आधी बँक होतं
आणि बँक बुडाल्यावर काही वर्षं कोंबड्यांच्या खाद्याचं दुकान.

माळावरून रस्ता इतका सरळ
की स्टिअरिंगवर हात नुसता शिष्टाचार म्हणून ठेवायचा.
गवत, गवत, एक पवनचक्की, गवत.
मग एकाएकी जमीन संपते.
खाली घळी, सुळके, फिकट गुलाबी पट्ट्यांचे कडे,
मातीची आतली बाजू उघडी पडलेली.
पाहुणे इथं गाड्यांची दारं उघडतात
आणि बंद करायला विसरतात.
मी थांबत नाही.
खोटं कशाला, थांबतो,
थर्मासमधली कॉफी निवेपर्यंत.

कॉर्विन रेंजर म्हणतो, वर्षाला इंचभर झिजतं हे सगळं.
मी त्याच्या टाकीचा काटा वाचतो: अठ्ठावीस टक्के.
दोघंही पोटासाठी ओसरणंच मोजतो.
"पूर्ण भर ना," तो दरवर्षी म्हणतो,
आणि दरवर्षी मी सांगतो, ऐंशीच्या वर भरत नाहीत,
गॅसला फुगायला जागा लागते.
तोवर एक बायसन येऊन
माझ्या टँकरला अंग घासून जातो, सावकाश,
टँकर त्याच्यासाठीच उभा केल्यासारखा.

म्युझियमच्या दारावर आर्डिसचा फोन नंबर चिकटवलाय.
लावलात तर ती समोरच्या घरातून
एप्रनला हात पुसत रस्ता ओलांडते,
त्र्याऐंशी वर्षांची, किल्ली गळ्यात.
आत फळीवर ठोकलेले बत्तीस जातींच्या काटेरी तारांचे तुकडे,
दाताच्या डॉक्टरचं पायानं चालवायचं यंत्र,
तिजोरीत बाप्तिस्म्याचे झगे,
आणि गेंड्यासारख्या कुठल्या जनावराचा जबडा,
यॉर्गन्सनच्या पोराला सुटलेलं डुक्कर शोधताना मिळालेला.
(डुक्कर नाही मिळालं.)
एका बरणीत चौतीस सालची धूळ;
आर्डिसच्या आईनं एका दुपारी
खिडकीच्या कट्ट्यावरून झाडून भरलेली.
का भरली, विचारलं तर आर्डिस म्हणते,
"टाकून तरी कुठं देणार होती? बाहेर तीच होती."

खिडकीजवळच्या पेटीत तान्ह्या बाळाचे जोडे होते,
हरणाच्या कातड्याचे, तळव्यांवरसुद्धा मणी.
तळव्यांवर. म्हणजे चालायच्या आधीचे.
खाली टाइप केलेली चिठ्ठी: नदीकाठी सापडले.

दर उन्हाळ्यात रिझर्वेशनवरून व्हर्ना नावाची बाई यायची,
दोन डॉलर डब्यात टाकायची,
बाकी काही न बघता त्या पेटीपाशी उभी राहायची.
चौथ्या की पाचव्या वर्षी जाताना बोलली,
"सापडले नाहीत. हरवले नव्हते तर सापडतील कसे?"

आर्डिस तेव्हा गप्प राहिली.
हिवाळाभर जुन्या वह्या चाळल्या.
मग समितीशी भांडली. समितीत पाच जण,
त्यातले दोघे तिचे चुलतभाऊ;
एकाशी अजून बोलत नाही.
एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर
खोका शेजारच्या सीटवर ठेवला, त्याला पट्टा बांधला,
आणि सत्तर मैल एकटी गाडी चालवत गेली.
तिथं काय झालं ते सांगत नाही.
"जेवून आले," एवढंच.

पेटी अजून तिथंच आहे. आठवड्याला काच पुसते.
आतलं हिरवं फेल्ट उन्हानं विटून गवताच्या रंगाचं झालंय,
फक्त दोन छोट्या पावलांपुरतं
अजून गडद.
मी म्हटलं, कापड बदलून देऊ का, घरी तुकडा पडलाय.
तिनं चष्म्यावरून असं बघितलं
की मी नळी ओढायला बाहेर गेलो.

शाळेची पोरं जबड्यापाशी ओरडतात,
तारांवर बोट फिरवून बघतात.
पेटीपाशी आली की खाली वाकतात,
आपला बूट उचलून मनात माप लावतात.

काटा ऐंशीवर आला. झडप बंद केली.
पावतीवर सही करून झाल्यावर
तिनं वही पुढे सरकवली, दरवर्षीसारखी.
माझ्या आधीचं नाव एकोणीस दिवसांपूर्वीचं.
'कुठून आलात' या रकान्यात
मी आजवर गावाचं नाव लिहीत आलो.
या वेळी पेन थोडं थांबलं.
"लिही काहीतरी," आर्डिस म्हणाली, "हीटर लावायचाय.
आणि पुढच्या वेळी पाय पुसून ये."