वायच

कार्डावर शब्द आहे: वायच.
अर्थ: थोडंसं.
उगम: इथे पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह,
खोडून खोडून कागद विरलाय.

शिरोड्याचे गुरुजी म्हणाले, संस्कृत.
त्यांना सगळंच संस्कृत, बालदीसुद्धा.
इस्माईल सोलकर म्हणाला, पणज्याच्या गलबतातून
मस्कतच्या खजुराला चिकटून आला असणार.
त्याच्या डोळ्यांत इतकी खात्री होती
की मी ते शाईनं लिहिलं,
आणि घरी येऊन काट मारली.

घाटावर तो 'वाईच' आहे.
म्हणजे आंबोलीतून खाली उतरला, की वर चढला?
मिठाच्या गोणी वाहणाऱ्या बैलांना
विचारायला हवं होतं.
ते गेले. त्यांना हाकणारेही.

काल वेंगुर्ल्याच्या बंदरावर रुझाय
चटईवर बांगडे वाळत घालत होती.
म्हटलं, मावशी गो, वायच ह्यो शब्द मूळचो खंयचो?
'वायच थांब,' मान वर न करता ती म्हणाली.

थांबलो.
बांगडे परतून झाले. कावळे हाकलून झाले.
पाणी धक्क्याच्या तिसऱ्या पायरीला लागलं.
कुणाच्या तरी लेकीच्या बाळंतपणाची गजाल झाली,
तिच्यात दोनदा वायच आला,
दोन्हीदा वेगळा.
मग पदराला हात पुसत तिनं विचारलं,
'हां. काय इचारी होतंस?'

रात्री कार्ड काढलं.
अर्थापुढचं 'थोडंसं' खोडलं,
लिहिलं: सव्वाअकरा ते पावणेएक.
उगम तसाच.